सहावा कॅम

बिरू मेटकरी म्हणतो, भिवघाटात दम लागतो ट्रॅक्सला.
चौदा माणसं, दोन शेरडं, टपावर डाळिंबाची क्रेटं,
वडापाची गाडी. मलाही लागला असता.
पण मी हसत नाही. आधी ऐकतो.

सकाळचं गार इंजिन.
लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक झाकणावर, मूठ कानामागच्या हाडाला.
टक. टक. टक.
आठांत एकच पाऊल लंगडं.
बिरू म्हणतो, टॅपेट करून आठ दिवस झाले नाहीत.
तेच सांगतंय ते, म्हटलं.
दर वेळी सैल होतं ते टॅपेट नसतं,
ते ज्याच्यावर टेकलंय, तेच झिजत असतं कधी कधी.

दुपारी हेड उतरवलं.
भिंतीपलीकडं माग चालू. विट्यात कुठंही इंजिन खोला,
खटक्-खटक् असतंच,
त्यातून गाडीचा आवाज निवडायला
गौसभाईंनी मला तीन वर्षं नुसतं उभं केलं होतं.

हेडच्या तोंडावर पोलादी पट्टी उभी धरली.
दोन नि तीनच्या मध्ये खालून उजेड आला,
लोटलेल्या दाराखालून येतो तसा.
फिलरचं दहाचं पान अडकत अडकत गेलं.
म्हणजे तापली होती, कधीतरी, पाण्यावाचून.
बिरू अंगठ्यानं माती उकरत राहिला.
"खरसुंडीच्या यात्रेला," शेवटी म्हणाला.

व्हॉल्व्ह गाईडमध्ये हलवून बघितले.
इनटेकचे शहाणे. एक्झॉस्टचे डुलतात.
सीटवर देवी आलेल्या गालासारखे खड्डे.
हे सगळं कुपवाडला जाईल,
घासून, दाबून, नव्या तोंडानं परत येईल.
इथवर मला काही अडलं नाही.

मग कॅमशाफ्ट.
डोळ्याला आठही कॅम सारखे, पुसल्यावर चकाकणारे.
नखाला नाहीत.
सहाव्याच्या कडेला नख अडलं,
मध्ये बशीसारखं खोलगट, नाक बसकं.
मायक्रोमीटर लावला:
बाकी सातांपेक्षा पाऊण मिलिमीटर कमी.
तेवढा व्हॉल्व्ह कमी उघडायचा,
तेवढा धूर आतच राहायचा,
तेवढाच भिवघाट उंच व्हायचा रोज.

पण एकाच तेलात आंघोळ करणारे आठ,
आणि उपाशी एकटाच?
वरची नळी सोडवली, आठ भोकांची.
डिझेल भरून उन्हात धरली.
सात धारा.

सहाव्यात बारीक तार घातली. काहीतरी मऊ लागलं.
चिमट्यानं ओढलं तर दोरा,
बोटाच्या पेराएवढा, काळा.
पेट्रोलमध्ये बुडवला. लाल झाला.

वेस्टचं सूत. मागावरून किलोनं आणतो मी,
साड्यांच्या काठांचं उरलंसुरलं.
दोन वर्षांपूर्वी ही नळी मीच पुसली होती.
रात्री अकरा वाजले होते, बिरूला पहाटे वऱ्हाड न्यायचं होतं,
हवा मारायची राहिली.
किंवा मारली, आणि पुरली नाही.
कुठलं खरं ते दोऱ्यावर लिहिलेलं नाही.

बिरू चहा सांगायला गेला होता.
हाताखालचं पोरगं एकदा माझ्याकडं बघतंय,
एकदा चिमट्याकडं.
फुंकलं असतं तर गेला असता तो.
या गावात लाल दोरा कुणाच्याही शर्टाला असतो.

बिरू आला, तीन कप बोटांत अडकवून.
मी दोरा त्याच्या तळहातावर ठेवला.
कॅमशाफ्टचे पैसे माझे, म्हटलं.
हेडचे तुझे. खरसुंडीचे.

त्यानं दोरा उजेडाकडं धरून बघितला,
देवाचा असावा तसा. बराच वेळ.
मग म्हणाला,
"आणि दोन वर्षांचं डिझेल, मिस्त्री?"

फिलर गेजची सगळी पानं
माझ्या मांडीवर उलगडलेली होती.
एवढ्या जाडीचं त्यांत नव्हतं.